शेवटच्या खेपेपर्यंत

परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर सकाळी सातला गेले की एक दृश्य हमखास दिसते. टाटा स्मारक रुग्णालयाच्या फाटकाकडे माणसे येत असतात. कुणी टॅक्सीने, बरेचसे चालत. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाईल, पाण्याची बाटली, आणि बरोबर कुणीतरी आपले माणूस. ज्याच्याबरोबर कुणी नाही तो लगेच ओळखू येतो, कारण त्याची फाईल त्याच्याच हातात असते.

तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, परळमध्येच, दुसरे एक फाटक आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाचे. हे रुग्णालय १८८३ सालचे, म्हणजे टाटा रुग्णालयापेक्षा जवळजवळ साठ वर्षांनी जुने. तिथेही सकाळी रांग असते. टोपलीतले मांजर, चादरीत गुंडाळलेला कुत्रा, एखाद्या पोराच्या हातात खोक्यात घातलेले कबूतर. या रांगेत मात्र एकटा रुग्ण कधीच दिसत नाही. त्याला कुणीतरी आणल्याशिवाय तो तिथे पोचतच नाही.

या दोन्ही फाटकांशी माझे काम पडले आहे, सुमारे तीस वर्षांच्या अंतराने. दुसऱ्या वेळी आमच्या सोसायटीच्या बैठकीत एका सद्‌गृहस्थांनी मला सरळ विचारले, ‘‘इथे माणसांना कॅन्सरच्या औषधाला पैसे मिळत नाहीत, आणि तुम्ही कुत्रीच्या कॅन्सरसाठी वर्गणी मागता?’’ गृहस्थ वाईट नव्हेत. गणपतीची वर्गणी, पूरग्रस्तांचा निधी, सगळीकडे त्यांचा हात पुढे असतो. त्यांच्या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मान खाली घालून गप्प बसलो. गप्प बसण्याचे कारण कुत्री नव्हती. कारण होते आमचे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. कोरेगाव तालुक्यात दीड एकर जिरायत, एक बैलजोडी आणि अखंड तंबाखू. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्यांचा आवाज बसला तो उघडेना. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला जायला सांगितले. आम्ही तेव्हा लालबागला चाळीत, एका खोलीत सहा माणसे. आप्पा सातवे. तपासण्या झाल्या, घशाचा कर्करोग निघाला, आणि पस्तीस शेक घ्यायचे ठरले. किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात. हा शब्द कुणी काढला कोण जाणे, पण त्यामुळे प्रकार घरगुती वाटतो. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे सात आठवडे. डॉक्टर म्हणाले होते, गाठ लवकर सापडली आहे, उपचार पुरे करा, सुधारायला चांगला वाव आहे. समाजसेवा विभागातल्या बाईंनी कागद पाहून उपचार जवळजवळ फुकट करून दिले. म्हणजे ज्याची सगळ्यांना धास्ती असते तो पैशाचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी सुटला होता.

मी बँकेत कारकून. एक आठवडा रजा काढली आणि पहिले सहा शेक त्यांच्याबरोबर गेलो. सातव्या दिवशी कामावर जाण्यापूर्वी आप्पांच्या खिशात पाचशे रुपये घातले. १९९४ साली पाचशे ही लहान रक्कम नव्हती, आणि ती देताना आपण आपले कर्तव्य केले असे मला मनापासून वाटले होते. पुढे आप्पा एकटेच लालबागहून चालत जात. मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा, त्या झाकायला उपरणे. घसा सोलवटला, भात गिळवेना. रात्री गॅलरीत बसून ते खालच्या आवाजात गावाकडचे बोलत. एकदा त्यांनी त्यांच्या खिलारी बैलाची गोष्ट सांगितली. बैल मान एका बाजूला टाकू लागला, डोके झटकू लागला, नाकपुडीतून रक्त आले, शिंग हलायला लागले. शिंगाचा कर्करोग. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हा आजार ठाऊक असतो. कामाच्या बैलांत तो भारतात जितका दिसतो तितका इतरत्र क्वचितच. आप्पा त्याला चालवत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन गेले. शिंग मुळापासून काढले. मग जखम भरेपर्यंत रोज मलमपट्टी, माश्या बसू नयेत म्हणून रात्री दोनदा उठून बघणे. ‘‘पुढं चार वर्सं वढला की त्यानं नांगर,’’ आप्पा म्हणाले. मी ऐकले आणि झोपलो. सकाळी आठ-बाराची लोकल होती.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याकडे पाऊस झाल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी घरी आलो तर खुंटीवरची पिशवी नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, परळच्या एसटी स्टँडवर गेले, पेरणी करून आठ दिवसांत येतो म्हणाले. एकोणीस शेक झाले होते. सोळा राहिले होते.

आप्पा आठ दिवसांत आले नाहीत. पेरणीनंतर कोळपणी, मग बैल आजारी, मग पैसे नाहीत, मग ‘आता बरे वाटते आहे.’ घशाच्या कर्करोगात शेक मध्येच खंडित झाले की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात हे आज मला माहीत आहे. तेव्हाही डॉक्टरांनी सांगितलेले असणार, पण ते ऐकायला त्या दिवशी त्यांच्याबरोबर कुणी नव्हते. दिवाळीनंतर आणले तेव्हा करण्यासारखे फारसे उरले नव्हते. फेब्रुवारी १९९५ मध्ये गेले. रुग्णालयाने काही कमी केले नाही, सरकारनेही नाही. कमी पडलो ते आम्ही, आणि तेही पैशाने नव्हे.

हे घरगुती दुःख रविवारी सकाळी वाचकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच की ते एका घरापुरते नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे चौदा लाख लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि नऊ लाखांहून अधिक लोक त्याने दगावतात. या आजाराला मदत करायची म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा धनादेश येतो. मदतीची गरज नाही असे कोण म्हणेल? परंतु कर्करोग हा एका शस्त्रक्रियेत किंवा एका रात्रीत निकाल लागणारा आजार नव्हे. तो खेपांचा आजार आहे. पस्तीस शेक, सहा किमो, दर तीन महिन्यांनी तपासणी. लहान मुलांच्या एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात तर उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि ते नेटाने पूर्ण झाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. आपली दया मात्र बहुधा एकरकमी असते. आजार खेपांचा आणि दया एकरकमी, हे गणित जमत नाही.

ज्यांना हे कळले त्यांनी काय केले ते बघण्यासारखे आहे. टाटा रुग्णालयाची जन्मकथा पुष्कळांना माहीत असेल. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली परदेशात रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. तत्पूर्वी आपली संपत्ती त्यांनी विश्वस्त निधीकडे सोपवली होती. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे रुग्णालय उघडले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे एका माणसाच्या वियोगातून निघालेल्या दानाला सोळा वर्षांनी सरकारचा पाठीचा कणा मिळाला, आणि म्हणूनच ते आजवर उभे आहे. नुसत्या दानावर एवढा गाडा ओढला गेला असता का, याची मला शंका आहे.

पण रुग्णालय मोठे होत गेले तसा त्याच्या भोवतालचा पदपथही भरत गेला. बिहारमधून, बंगालमधून, आसामातून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेला माणूस सात आठवडे राहणार कुठे? जेरबाई वाडिया मार्गाच्या कडेला निळ्या प्लॅस्टिकखाली स्टोव्ह पेटवून खिचडी शिजवणारी कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. सुट्टीच्या दिवशी कुणी दानशूर गाडीतून येतो, बिस्किटे आणि फळे वाटतो, जातो. घसा सोलवटलेल्या माणसाच्या हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचे चार पुडे बघून हसावे की रडावे कळत नाही. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही. माझे पाचशे रुपये काय वेगळे होते?

इथे गाडगेबाबांची आठवण होते. बाबा शिकले-सवरलेले नव्हते, पण यात्रेला आलेल्या गरिबाला देवाच्या आधी डोक्यावर छप्पर लागते हे त्यांना कळले होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्यांतल्या एकीतही स्वतःसाठी खोली ठेवली नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करोगाच्या रुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा मोठा आधार आहे. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. लहान मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने उपचार संपेपर्यंत आई-बापासह राहण्याची फुकट सोय सुरू केली; परळला हाफकिनच्या आवारात आणि कॉटन ग्रीनला त्यांच्या खोल्या आहेत. या सगळ्यांमध्ये एक समान सूत्र आहे. ते औषध देत नाहीत; उपचार संपेपर्यंत माणूस मुंबईत टिकेल एवढे बघतात. कर्करोग तज्ज्ञांना विचारा, ते सांगतील की गरीब घरातले मूल हरते ते पुष्कळदा औषधाअभावी नव्हे. बापाची मजुरी बुडते, गावाकडे दुसरी दोन पोरे आजीकडे ठेवलेली असतात, आणि तिसऱ्या महिन्यात मूल जरा हसू-खेळू लागले की कुटुंब गाडीत बसते.

त्या गाडीचे भाडे हाही एक प्रश्न होता. तो रेल्वेने बऱ्याच अंशी सोडवला आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे माफ असते, सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. ‘सोबतचा माणूस’ या गोष्टीची दखल घेणाऱ्या नियमांबद्दल मला विशेष आदर आहे. रेल्वेच्या कुठल्या बाबूने हे लिहिले असेल त्याने नक्की कुणाची तरी फाईल धरली असणार.

नियम आणखीही आहेत. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून महाराष्ट्रात लागू आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, केंद्राची आयुष्मान भारत आहे. कागदावर आपण दरिद्री नाही. पण हे सगळे मिळवायचे तर उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार, त्यावरचे नाव आणि याच्यावरचे नाव एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र. ज्याला गिळता येत नाही त्याने तहसील कचेरीत तीन खेपा घालायच्या! माझ्या माहितीतल्या एका निवृत्त मास्तरांनी गेली सहा वर्षे एकच काम अंगावर घेतले आहे: तालुक्यातल्या रुग्णांचे कागद गोळा करून देणे. ते कुणाला एक पैसा देत नाहीत. त्यांनी मार्गी लावलेल्या उपचारांची रक्कम काढली तर एखाद्या कारखानदाराच्या देणगीला ती भारी पडेल.

स्वयंसेवी संस्था आणि पैसा यांचा विषय निघाला आहे तर एक प्रकरण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इमॅटिनिब नावाची गोळी आहे. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते, आणि घेतली तर माणूस जवळपास नेहमीचे आयुष्य जगतो. नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिवेक’ या गोळ्यांचा महिन्याचा खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. कंपनीने पेटंट मागितले. तेव्हा मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन, जी १९६९ पासून रुग्णांना औषधे, तपासण्या असली मदत करीत आली होती, ती विरोधात उभी राहिली. २००६ च्या जानेवारीत चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि बऱ्याच वळणांनंतर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. कंपनीचे म्हणणे होते की आम्ही हजारो रुग्णांना ही गोळी फुकट देतोच आहोत. ते खरेही होते. पण फुकट देणारा उद्या हात आखडू शकतो. दुकानात परवडणाऱ्या भावात मिळणाऱ्या गोळीसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. एका धर्मादाय संस्थेने दान नाकारून हक्क मागितला, ही गोष्ट मला तिच्या इतर सगळ्या कामापेक्षा मोठी वाटते. हीच गोळी, जाता जाता सांगायला हरकत नाही, कुत्र्या-मांजरांच्या त्वचेच्या काही गाठींवरही वापरली जाते.

आणि आता कुत्रीकडे येतो.

आमची चाळ गेली, तिथे उंच इमारत आली. फाटकाशी एक तांबूस कुत्री राहायची, तिला पोरांनी चंपी नाव ठेवले होते. २०२३ च्या पावसाळ्यात वॉचमनला तिच्या बसण्याच्या जागी रक्ताचे डाग दिसू लागले. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणतो. त्या तिला पशुरुग्णालयात घेऊन गेल्या. निदान झाले: संसर्गाने होणारी गाठ. हा एक विलक्षणच कर्करोग आहे. तो विषाणूमुळे होत नाही. एका कुत्र्याच्या कर्करोगाच्या पेशीच समागमाच्या वेळी दुसऱ्याच्या शरीरात रुजतात. हजारो वर्षांपूर्वी कुठल्या तरी एका कुत्र्याच्या अंगात सुरू झालेली गाठ अशी पिढ्यान् पिढ्या जगभर फिरते आहे. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांमध्ये ती सर्रास आढळते. निर्बीजीकरण नीट झाले तर ती आपोआप आटोक्यात येईल, पण तो विषय २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात इतका तापला की त्यात आज मी हात घालत नाही.

महत्त्वाचे हे की ही गाठ बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. औषध व्हिनक्रिस्टिन. आठवड्याला एक इंजेक्शन, चार ते सहा आठवडे. हे औषध निघते सदाफुलीपासून. तीच आपल्या कुंडीतली, तुळशीशेजारची, गुलाबी-पांढऱ्या फुलांची. (पाने चघळून काही साधत नाही, उलट अपाय होतो, हे सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे तो उद्योग करणारे आहेत.) अमेरिकेत १९६३ मध्ये हे औषध मान्य झाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे चित्र पालटायला त्याचा मोठा हातभार लागला. म्हणजे बोर्जेस मार्गावर एखाद्या चार वर्षांच्या पोराला जे औषध शिरेतून दिले जात असते, तेच पलीकडच्या पशुरुग्णालयात एखाद्या रस्त्यावरच्या कुत्रीला दिले जात असते. औषध महागही नाही. आमच्या बाबतीत टॅक्सीचे भाडे इंजेक्शनला भारी पडले.

मग वर्गणी कशाला हवी होती? तर टॅक्सीला, रक्ताच्या तपासणीला आणि पाच आठवडे तिला जिन्याखाली बांधून ठेवून खायला घालायला. पण सिस्टरना खरे तर वर्गणीपेक्षा वेगळेच काहीतरी हवे होते. त्यांनी बैठकीत एक कागद फिरवला. पाच गुरुवार, प्रत्येकापुढे दोन रिकाम्या ओळी. ‘‘पैसे नंतर बघू, आधी नावे लिहा,’’ त्या म्हणाल्या. तेव्हाच त्या सद्‌गृहस्थांनी तो प्रश्न विचारला, आणि मला एकोणीस आणि सोळा हे आकडे आठवले.

मी तिसऱ्या गुरुवारी नाव लिहिले. पहिल्या गुरुवारी तीन टॅक्सीवाल्यांनी नकार दिला होता, म्हणून आमच्या खेपेला मासळीवाल्याचा टेम्पो होता. चंपी थरथरत होती. रांगेत आमच्यापुढे एक हातगाडीवाला होता, त्याच्याजवळ पंधरा वर्षांचा कुत्रा, जबड्याला गाठ. डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितले की आता करण्यासारखे काही नाही, त्रास थांबवता येईल तेवढा थांबवू. तो म्हणाला, ‘‘मग रोज आणू का?’’ त्याच्या डोक्यात पहिला विचार तो आला. पाचही गुरुवार झाले. सहावा लागला नाही. चंपी आज फाटकाशी आहे, जाड झाली आहे, पोस्टमनवर भुंकते.

त्या प्रश्नाकडे आता वळून बघताना मला वाटते, आमच्या सद्‌गृहस्थांनी दया ही रॉकेलच्या कोट्यासारखी मानली होती. एकाला दिले की दुसऱ्याचे कमी. पैशापुरते यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. एखाद्या श्रीमंत घरातल्या कुत्र्याच्या किमोवर खाजगी दवाखान्यात लाख रुपये खर्च होत असतील आणि त्याच घरची मोलकरीण आईच्या शेकसाठी सुटी मागताना कचरत असेल, तर ते बघून कुणालाही चीड यावी. पण तिथेही अडचण कुत्रा नाही. कुत्रा नसता तर ते लाख रुपये मोलकरणीच्या आईकडे गेले असते का? लंडनच्या व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीत १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मारिया डिकिन नावाच्या बाईने एका तळघरात गरिबांच्या जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. गाढव आजारी पडले की भाजीवाल्याची चूल बंद पडते, हे तिने पाहिले होते. तो दवाखाना पीडीएसए या नावाने शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आप्पांचा बैल आणि आप्पांची पेरणी वेगळी काढता येत नव्हती, तसेच हे. आप्पांच्या बैलांकडे आणि दीड एकराकडे तीन आठवडे बघायला कुणी उभा राहिला असता, तर ती कर्करोग्याला केलेली मदतच झाली असती. तिला कुठल्या ट्रस्टच्या अर्जात रकाना नाही एवढेच.

टाटांच्या विश्वस्त निधीने २०२४ साली महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले. सुमारे एकशे पासष्ट कोटी रुपये खर्च आला. रतन टाटांचे ते स्वप्न होते आणि ते उघडल्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, ते गेले. त्या वेळीही तोच प्रश्न पुष्कळांनी कुजबुजला. ज्या घराण्याने माणसांसाठी १९४१ मध्ये उभे केले त्यानेच जनावरांसाठी २०२४ मध्ये उभे केले, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

मला खटकते ते निराळेच. हल्ली मोबाइलवर मदतीची आवाहने येतात. नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो, खाली रक्कम, किती जमली त्याची पट्टी. त्यातून खरोखर कित्येकांचे उपचार झाले आहेत, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण ही दया चेहरा बघून चालते. गोरे-गोमटे मूल, टपोऱ्या डोळ्यांचे पिल्लू यांची पट्टी भराभर भरते. साठ वर्षांचा, तंबाखूने दात काळे झालेला, आवाज गेलेला शेतकरी त्या पट्टीवर तीन टक्क्यांच्या पुढे सरकणार नाही. ‘त्याने तंबाखू खाल्ली ना?’ असेही म्हणतील. शिवाय पैसे मिळवण्यासाठी आपल्या पोराचे दुखणे चव्हाट्यावर मांडावे लागते, ते वेगळेच. आणि पट्टी भरली की देणारा निघून जातो. दुसऱ्या वर्षी तपासणीला यायचे गाडीभाडे कोण देणार हे विचारायला पुन्हा फोटो काढावा लागतो.

उपाय अर्थातच मोठ्या जागी आहेत. पेशंटने मुंबईला यायचे की उपचाराने त्याच्या जिल्ह्यात जायचे, हा खरा प्रश्न. बार्शीसारख्या गावात १९८२ पासून नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय चालते, ही आपल्याकडची मोठीच गोष्ट. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र काढण्याची घोषणा झाली आहे, त्यांतली दोनशे त्याच वर्षात. घोषणांचे काय होते ते आपण जाणतो. तरीही ही दिशा बरोबर आहे, कारण साताऱ्यात किमो मिळाली तर पेरणीही होईल आणि उपचारही. शेक मात्र यंत्राशिवाय होत नाहीत, आणि यंत्रे एवढ्यात सगळीकडे येत नाहीत.

आणि ज्यांचे बरे होणे संपले त्यांचे काय? वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. १९८६ मध्ये सुरू झालेले हे देशातले पहिले हॉस्पिस. गोव्यातही त्यांची शाखा आहे. तिथे कुणी बरा व्हायला जात नाही. वेदना कमी करतात, जखम धुतात, शेवटपर्यंत बसतात, आणि पैसे घेत नाहीत. आप्पांच्या शेवटच्या महिन्यात आम्हाला ते ठाऊक नव्हते. गावच्या ओसरीवर ते ज्या तऱ्हेने गेले ते इथे लिहीत नाही.

गेल्या महिन्यात गावाकडून फोन आला. आप्पांच्या धाकट्या सुनेला स्तनाचा कर्करोग निघाला आहे. शस्त्रक्रिया कराडला झाली. शेक मुंबईत घ्यायचे ठरले आहे, पंचवीस. वहिनी फोनवर म्हणाली, ‘‘भाऊजी, तुम्ही फक्त राहायचं बघा, मी जाईन एकटी, रस्ता विचारत. म्हशीला एक दिवसाआड शेजारीण धार काढील म्हणालीय.’’

एक दिवसाआड धार काढून म्हैस टिकत नाही. म्हणून आधी तिकडे फोन केला आणि पुतण्याला पाच आठवडे गावी राहायला लावले. त्याच्या बुडणाऱ्या पगाराचे आम्ही भावंडे मिळून बघतो आहोत. मग सिस्टरकडून त्यांच्या त्या गुरुवारच्या कागदाचा नमुना आणला. फ्रिजवर लावला आहे. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, पंचवीस चौकटी. पहिले सहा दिवस माझे, हे मी मुद्दाम लिहिले नाही. सातव्यापासून पुढचे घेतले. बायको, मुलगी, जावई, सिस्टर यांची नावे पडली. परवा ते सद्‌गृहस्थ काही कामाने घरी आले होते, चष्मा वर करून त्यांनी कागद वाचला, खिशातले पेन काढले आणि दोन बुधवारांवर नाव लिहिले. काही बोलले नाहीत.

वहिनी येत्या रविवारी येते आहे. शेवटच्या आठवड्यातला गुरुवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.